महानगराचा श्वास : मुंबईच्या हवेतील सूक्ष्म कण येतात कोठून?

मागील स्नेहमेळाव्यात जेवणाच्या पंगती आटोपल्यावर आमच्या वसतिगृहाचा एक जुना विद्यार्थी विज्ञान विभागात येऊन बसला. मुंबईच्या पूर्व उपनगरात तो डंपर चालवतो. धाकटी मुलगी सहा वर्षांची. दर हिवाळ्यात तिला खोकला जडतो, रात्री छाती वाजते आणि वाफेच्या यंत्राने औषध द्यावे लागते. तो म्हणाला, "सर, डॉक्टर म्हणतात हवा वाईट आहे. पण ही हवा वाईट करतं कोण? मीपण डंपरच चालवतो. म्हणजे माझ्या पोरीला मीच आजारी पाडतो का?"

त्या दिवशी आम्हांला त्याला नीट उत्तर देता आले नाही. त्याचे सांत्वन केले, पण प्रश्न तसाच राहिला. आपल्या शाळेचे शेकडो माजी विद्यार्थी आज मुंबईत आहेत. कोणी सफाई कामगार आहे, कोणी परिचारिका, कोणी बँकेत, कोणी रिक्षा चालवतो, कोणी बांधकामावर देखरेख करतो. त्यांच्यापैकी प्रत्येकाचा हा प्रश्न आहे. म्हणून स्मरणिकेच्या निमित्ताने आम्ही विज्ञान विभागातील शिक्षकांनी त्याचे उत्तर मांडण्याचा हा प्रयत्न केला आहे.

कण किती सूक्ष्म?

हवेत तरंगणाऱ्या घन व द्रव कणांना आपण सरसकट 'धूळ' म्हणतो. विज्ञान त्यांची विभागणी आकारमानावरून करते. ज्यांचा व्यास १० मायक्रॉन किंवा त्याहून कमी आहे ते 'पीएम १०', आणि ज्यांचा व्यास २.५ मायक्रॉन किंवा त्याहून कमी आहे ते 'पीएम २.५'. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाच्या डोक्यावरचा केस साधारणपणे ५० ते ७० मायक्रॉन जाडीचा असतो. म्हणजे केसाच्या जाडीत पीएम २.५ प्रकारचे वीस-पंचवीस कण सहज शेजारी शेजारी मावतील.

हा फरक केवळ पुस्तकी नाही. जाड धूळ नाकातील केसांत आणि घशातील चिकट द्रवात अडकते. शिंक व खोकला तिला बाहेर काढतात. सूक्ष्म कण मात्र या पहारेकऱ्यांना चुकवून फुप्फुसाच्या टोकाशी असलेल्या वायुकोशांपर्यंत पोहोचतात. त्यांतील अतिसूक्ष्म कण तर वायुकोशांची पातळ भिंत ओलांडून रक्तातही मिसळतात. त्यामुळे हा आजार केवळ छातीचा राहत नाही. दमा व श्वसनविकारांबरोबरच हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि कमी वजनाची बालके जन्मणे यांच्याशीही या कणांचा संबंध सिद्ध झाला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१३ मध्ये बाह्य हवेच्या प्रदूषणाची आणि त्यातील कणांची नोंद माणसाला कर्करोग करणाऱ्या घटकांत केली.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. कवडशात नाचताना दिसते किंवा खिडकीच्या कठड्यावर बोटाला लागते ती बहुतांशी जाड धूळ असते. सर्वांत घातक कण सुटेसुटे डोळ्यांना दिसतच नाहीत. फार साठले तर दूरच्या इमारती धूसर दिसतात, एवढेच. त्यामुळे 'दिसत नाही, म्हणजे हवा स्वच्छ' हा निष्कर्ष चुकीचा ठरतो.

मोजमाप आणि मर्यादा

पीएम २.५ चे प्रमाण एक घनमीटर हवेत किती मायक्रोग्रॅम कण आहेत यावरून सांगतात. मूळ पद्धत सोपी आहे. ठरावीक हवा एका बारीक गाळणीतून खेचायची, गाळणीचे आधीचे व नंतरचे वजन करायचे आणि फरकाला हवेच्या घनफळाने भागायचे. आज स्वयंचलित यंत्रे तासागणिक आकडे देतात.

भारताच्या २००९ च्या मानकांनुसार पीएम २.५ ची वार्षिक सरासरी ४० आणि २४ तासांची सरासरी ६० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक नसावी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचविलेल्या मर्यादा अनुक्रमे ५ आणि १५ आहेत. म्हणजे आपल्या वार्षिक मानकात अगदी काठावर उत्तीर्ण होणारे शहरही त्या शिफारशीच्या आठपट प्रदूषित असू शकते.

दूरचित्रवाणीवर दाखविला जाणारा हवा गुणवत्ता निर्देशांकही समजून घ्यावा. ० ते ५० 'चांगली', ५१ ते १०० 'समाधानकारक', १०१ ते २०० 'मध्यम', २०१ ते ३०० 'वाईट', ३०१ ते ४०० 'अतिवाईट' आणि त्यापुढे 'गंभीर' अशी त्याची वर्गवारी आहे. निर्देशांक १०० असेल आणि तो पीएम २.५ मुळे ठरला असेल, तर हवेत ६० मायक्रोग्रॅम कण आहेत असा त्याचा अर्थ होतो. वर्गवारीत हा दिवस 'समाधानकारक' ठरतो. दम्याच्या मुलासाठी तो तसा असेलच असे नाही.

उगमाचा शोध कसा घेतात?

कणांवर पत्ता लिहिलेला नसतो. तरी त्यांचा उगम शोधण्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत.

पहिली पद्धत नोंदवहीची. शहरात किती वाहने, किती भट्ट्या, किती कारखाने, कोणते इंधन किती जळते याची मोजदाद करून प्रत्येकाच्या उत्सर्जनाचा अंदाज बांधतात. दुसरी पद्धत उलट दिशेने जाते. गाळणीवर साठलेल्या कणांचे रासायनिक पृथक्करण करून त्यांची 'बोटांचे ठसे' पाहावेत तशी ओळख पटवितात. सिलिकॉन, ॲल्युमिनियम, कॅल्शियम आढळले तर माती, रस्ता किंवा सिमेंट. पोटॅशियम आणि लाकडातील सेल्युलोज जळताना निर्माण होणारी विशिष्ट शर्करा आढळली तर लाकूड व पालापाचोळा. व्हॅनेडियम व निकेल आढळले तर जहाजे किंवा बॉयलरमधील जड तेल. सोडियम व क्लोराइड आढळले तर समुद्राचे मीठ. काळी काजळी विपुल असेल तर डिझेलचा संशय बळावतो.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातील सहा शहरांचा असा अभ्यास करविला होता. त्यांत मुंबई आणि पुणे होते. मुंबईचे काम नागपूरच्या 'नीरी' या राष्ट्रीय संस्थेने केले.

मुंबईतील प्रमुख उगम

रस्ता आणि वाहने. वाहनांतून कण तीन मार्गांनी येतात. पहिला मार्ग धुराचा; त्यात डिझेलची काजळी सर्वांत सूक्ष्म आणि नाकाच्या उंचीवरच सोडली जाणारी. दुसरा मार्ग झीज होण्याचा. ब्रेक, टायर आणि रस्त्याचा पृष्ठभाग झिजून कण सुटतात. तिसरा मार्ग रस्त्यावर बसलेली धूळ चाकांनी पुन्हा उडण्याचा. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ मानके लागू झाली, इंधनातील गंधकाचे प्रमाण दशलक्षात ५० भागांवरून १० भागांवर आले आणि नव्या डिझेल वाहनांना कण अडविणाऱ्या गाळण्या आल्या. हा मोठा लाभ होय. परंतु जुनी वाहने रस्त्यावर आहेतच आणि वाहनांची संख्या वाढतेच आहे. विजेवरील वाहन धूर सोडत नाही, पण त्याचे टायर झिजतात आणि रस्त्यावरची धूळ तेही उडवते. याउलट १९२५ पासून विजेवर धावणारी लोकल एका फेरीत हजारो माणसे नेते आणि रस्त्यावर धूर सोडत नाही.

बांधकाम आणि राडारोडा. मुंबई आज एकाच वेळी पाडली जात आहे आणि बांधली जात आहे. जुन्या चाळी व इमारतींचा पुनर्विकास, मेट्रोचे मार्ग, पूल, रस्त्यांचे काँक्रिटीकरण ही सारी कामे धूळ निर्माण करतात. या धुळीचा मोठा भाग जाड कणांचा असतो, तरी तिच्यात सूक्ष्म कणही असतात. पाडकाम, दगड-लादी कापणे, काँक्रीट मिसळण्याचे प्रकल्प आणि ताडपत्रीविना धावणारे राडारोड्याचे डंपर ही तिची मुख्य ठिकाणे. बांधकामावरची जनित्रे डिझेलवर चालतात, हेही विसरता येत नाही.

कारखाने, वीज आणि बंदर. चेंबूर, माहूल, ट्रॉम्बे या पट्ट्यात तेलशुद्धीकरण, खतनिर्मिती आणि औष्णिक वीजनिर्मिती दीर्घकाळापासून एकवटली आहे. पलीकडे ठाणे-बेलापूर व तळोजा येथील औद्योगिक वसाहती आहेत. बंदरात येणारी मोठी जहाजे जड तेल जाळतात. २०२० पासून जागतिक नियमाने त्या तेलातील गंधकाची मर्यादा ३.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यांवर आणली गेली, तरी ती मोटारीच्या इंधनाच्या तुलनेत पाचशेपट आहे.

कचरा आणि उघड्यावरील जाळणी. देवनारचे डम्पिंग ग्राउंड १९२७ पासून शहराचा कचरा पोटात घेत आहे. दबलेला ओला कचरा कुजून मिथेन वायू तयार होतो आणि तो पेट घेतो. जानेवारी २०१६ च्या अखेरीस तेथे लागलेल्या आगीचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांतही दिसला. परिसरातील शाळा बंद ठेवाव्या लागल्या. अशा मोठ्या आगी बातमीत येतात. गल्लीच्या टोकाला रोज सकाळी पेटविले जाणारे पाने, प्लास्टिक आणि रबर यांचे लहान ढीग मात्र बातमीत येत नाहीत. ते थंड आणि अर्धवट जळतात, त्यामुळे त्यांतून विषारी कण अधिक निघतात.

भट्ट्या आणि चुली. पावाच्या भट्ट्या, तंदूर, खानावळी आणि स्मशाने यांत लाकूड व कोळसा जळतो. पावाच्या भट्ट्यांत जुन्या फर्निचरचे लाकूडही वापरले जाते. त्यावर रंग वा पॉलिश असेल तर धूर अधिक घातक ठरतो. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशा बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळविण्याचा आदेश दिला.

हवेतच जन्मणारे कण. हा उगम सर्वांत कमी ठाऊक असलेला आहे. सर्वच कण धुरांड्यातून घन रूपात बाहेर पडत नाहीत. कोळसा व तेल जळताना निघणारा सल्फर डायऑक्साइड आणि वाहनांतून निघणारे नायट्रोजनचे ऑक्साइड हवेत आम्लांत रूपांतरित होतात. शेती, जनावरे, सांडपाणी व खत कारखाने यांतून येणारा अमोनिया त्या आम्लांना भेटतो आणि अमोनियम सल्फेट व अमोनियम नायट्रेट यांचे सूक्ष्म स्फटिक तयार होतात. या 'दुय्यम' कणांचा जन्म उगमापासून दहा किंवा शंभर किलोमीटर अंतरावरही होऊ शकतो. म्हणूनच केवळ महानगरपालिकेच्या हद्दीत उपाय करून भागत नाही. ठाणे, रायगड आणि पालघर यांचाही विचार एकत्रितच करावा लागतो.

समुद्र असूनही हवा का साचते?

मुंबईला समुद्राचे वरदान आहे. दिवसा समुद्राकडून जमिनीकडे खारे वारे वाहतात आणि रात्री जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे. पावसाळ्यात तर पाऊस हवा धुऊन काढतो. हिवाळ्यात मात्र चित्र पालटते. वारे मंदावतात. रात्री जमीन लवकर थंड होते, तिच्यालगतची हवा थंड व जड होते आणि वर तुलनेने उबदार हवेचा थर झाकणासारखा बसतो. भूगोलाच्या पुस्तकात आपण यालाच तापमानाची विपरीतता म्हणतो. झाकलेल्या पातेल्यातील वाफेप्रमाणे धूर खालीच कोंडतो. खारे वारे उशिरा सुरू झाले तर कोंडलेली हवा दुपारपर्यंत हलत नाही. शिवाय कधी बाहेरूनही भर पडते. जानेवारी २०२२ मध्ये वायव्येकडून आलेल्या धुळीच्या वादळाने मुंबई पांढुरकी केली होती.

येथे एक भेद लक्षात ठेवावा. वारा प्रदूषण निर्माण करीत नाही. तो केवळ झाकतो किंवा उघडे पाडतो. जुलैमध्ये हवा स्वच्छ वाटते तेव्हाही धुरांडी आणि वाहने चालूच असतात. म्हणून डिसेंबरात जागे होऊन जूनमध्ये विसरण्याची आपली सवय उपयोगाची नाही.

टक्केवारी वेगवेगळी का?

एका अहवालात रस्त्याची धूळ पहिली, दुसऱ्यात वाहने पहिली, तिसऱ्यात उद्योग पहिले असे वाचून सामान्य वाचक गोंधळतो आणि 'कोणालाच काही कळत नाही' असे म्हणून मोकळा होतो. वास्तविक हे अहवाल अनेकदा वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देत असतात. पीएम १० मोजले तर धुळीचा वाटा मोठा दिसतो, पीएम २.५ मोजले तर ज्वलनाचा आणि दुय्यम कणांचा वाटा वाढतो. नाक्यावर मोजले तर वाहने पुढे येतात, माहूलला मोजले तर उद्योग. हिवाळ्यातील आकडा उन्हाळ्याला लागू पडत नाही. नोंदवहीची पद्धत दुय्यम कण सहजी पकडत नाही. म्हणून कोणतीही टक्केवारी वाचताना चार प्रश्न विचारावेत : कोणत्या आकाराचे कण, कोठे, कोणत्या ऋतूत आणि कोणत्या पद्धतीने?

भार कोणावर?

हवा सर्वांची सारखी, असे म्हणतात. ते अर्धसत्य आहे. वातानुकूलित मोटारीत काच वर करून बसणारा आणि त्याच सिग्नलवर फुले विकणारी बाई एकच हवा घेत नाहीत. पहाटे रस्ता झाडणारा सफाई कामगार कोंडलेल्या हवेच्या वेळीच धूळ अंगावर घेतो. डम्पिंग ग्राउंडच्या कडेची, महामार्गालगतची, कारखान्यांच्या भिंतीला टेकलेली वस्ती कोणाची असते, हे आपल्या समाजाला सांगण्याची गरज नाही. जमीन जेथे स्वस्त, तेथे हवाही बहुधा वाईट. लहान मुले वजनाच्या मानाने मोठ्यांपेक्षा अधिक हवा श्वासात घेतात आणि त्यांची फुप्फुसे वाढीच्या अवस्थेत असतात. त्यामुळे सर्वांत जड भार त्यांच्यावर पडतो.

ज्याने सर्वांत कमी धूर केला, त्याने सर्वांत अधिक धूर प्यावा, ही स्थिती आरोग्याच्या प्रश्नाइतकीच न्यायाचीही आहे.

काय करता येईल?

मोठे उपाय सार्वजनिक आहेत आणि ते मागण्याचा आपल्याला अधिकार आहे. हवा प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण कायदा १९८१ पासून अस्तित्वात आहे. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात मुंबईचा समावेश आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने मुंबईच्या हवेची स्वतःहून दखल घेतली आणि महानगरपालिकेने बांधकामांसाठी नियमावली काढली : भोवती उंच पत्रे, पाण्याची फवारणी, झाकलेली वाहने, बाहेर पडणाऱ्या डंपरची चाके धुणे. नियम आहेत, पालन होते का, हे वस्तीने पाहावे, छायाचित्रासह लेखी तक्रार करावी आणि तक्रारीचा क्रमांक जपून ठेवावा. फवारणी जाड धूळ दाबते, पण काजळी आणि दुय्यम कणांवर तिचा उपयोग फारसा नाही. त्यासाठी इंधन बदलणे, जुनी डिझेल वाहने हटविणे, कचऱ्याचे वर्गीकरण आणि भरपूर बसगाड्या हेच उपाय आहेत.

घरात करण्यासारखेही बरेच आहे. कचरा जाळू नये, जाळू देऊ नये. डासांची कॉइल बंद खोलीत लावू नये; मच्छरदाणी वापरावी. विहारात आणि घरी वंदनेच्या वेळी अगरबत्त्यांचा जुडगा पेटवून दारे बंद ठेवण्यापेक्षा फुले वाहावीत, एखादी मेणबत्ती पुरे, खिडकी उघडी असावी. दिवाळी असो वा आपल्या जयंतीची मिरवणूक, फटाक्यांतील बेरियम आणि ॲल्युमिनियमची भुकटी फुप्फुसात जाताना प्रसंग विचारीत नाही. साधा रुमाल सूक्ष्म कण अडवीत नाही; धुळीच्या कामावर नाक-तोंडाला घट्ट बसणारा एन-९५ मुखवटा लागतो आणि तो पुरविणे ही काम देणाऱ्याची जबाबदारी आहे.

विद्यार्थ्यांसाठी एक अभ्यास. 'समीर' या सरकारी ॲपवरून आपल्या जवळच्या केंद्राचा निर्देशांक रोज एकाच वेळी वहीत उतरवावा. शेजारी वारा, पाऊस, सण, जवळपासची आग किंवा बांधकाम यांची नोंद करावी. वर्षभराने आलेख काढावा. शहरात राहणाऱ्या माजी विद्यार्थ्यांच्या मुलांनी आपल्या वह्या शाळेकडे पाठविल्यास पुढील स्नेहमेळाव्यात आम्ही त्या एकत्र मांडून पाहू.

आता त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळू. बाळा, तुझ्या मुलीच्या छातीत जाणाऱ्या कणांत तुझ्या डंपरचा काही अंश असेल. तो नाकारणे खरे होणार नाही. पण त्याच गाळणीवर कोळशाची राख आहे, जहाजाचे तेल आहे, कोणाच्या तरी मोटारीची काजळी आहे आणि धुमसत्या कचऱ्याचा धूर आहे. डंपर झाकून ने, इंजिन विनाकारण चालू ठेवू नकोस आणि मालकाकडे धूर-तपासणीचा आग्रह धर. एवढा वाटा तुझा. उरलेला वाटा ज्यांचा त्यांच्याकडून वसूल करण्यासाठी मोजमाप, माहिती आणि संघटित आवाज लागतो. प्रश्न विचारायला तू याच शाळेत शिकलास, आणि तोच प्रश्न घेऊन आमच्याकडे आलास, याचा आम्हांला अभिमान वाटतो. तुझी मुलगी मोठी होईल तेव्हा तिच्या वहीतील डिसेंबरचा आलेख आजच्यापेक्षा खाली आलेला असावा, यासाठी आपण सर्वांनी आपापला वाटा उचलू या.